सोल मुरलेले अख्खे अल्बम सुचवा

फुलपात्र:
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. सोलमधली, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आलेल्या संगीतातली, गाजलेली गाणी ऐकून झाली आहेत. अरेथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट', ओटिस रेडिंगचं 'डॉक ऑफ द बे', बिल विदर्सचं 'एन्ट नो सनशाइन' वगैरे. पण सगळी सुटी सुटी, कुणीतरी केलेल्या याद्यांमधून. आता अख्खे अल्बम ऐकायचेत, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं काहीही न गाळता. शुद्ध सोलच हवं असा आग्रह नाही. रॉक असो, जॅझ असो, हिपहॉप असो, त्यात सोल मुरलेलं असलं म्हणजे झालं.

नुसत्या लिंका नकोत, का ऐकायचं तेही लिहा. आणि कृपया 'मायकल जॅक्सनपासून सुरुवात कर' असं कुणी सांगू नका. तिथूनच सुरुवात झाली होती.

तिरपागडे:
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहीन.

मध्यलय:
फुलपात्र, गायकांच्या नावांवरून शोधायला गेलात तर त्याच त्या दहा नावांत फिरत राहाल. मी बेस वाजवतो, त्यामुळे माझी खोड वेगळी. मी आधी अल्बम उलटा करून बघतो: कुठल्या स्टुडिओत झालाय आणि मागे कोण वाजवतंय. साठ-सत्तरच्या दशकात सोल शहरागणिक बदलायचं, कारण प्रत्येक स्टुडिओचा वाद्यवृंद ठरलेला असायचा. गायक येत-जात राहायचे, मागची चार-पाच माणसं तीच. ती माणसं दुसऱ्या कुणासाठी वाजवायला बसली की त्याच्या गाण्यातही सोल उतरायचं. तुम्ही ज्याला मुरलेलं म्हणताय ते बऱ्याच अंशी असंच मुरलंय.

मसल शोल्स घ्या. अलाबामातलं आडबाजूचं गाव, तिथे रिक हॉलचा फेम स्टुडिओ. जानेवारी १९६७ मध्ये अटलांटिक कंपनीचा जेरी वेक्सलर अरेथाला तिथे घेऊन गेला. त्याआधी कोलंबिया कंपनीकडे तिची काही वर्षं गेली होती, पण या आवाजाचं करायचं काय हे तिथे कुणाला नीट उमगलं नव्हतं. इथे तिला पियानोवर बसवलं, वादकांना तिच्या मागे सोडलं, आणि 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू' त्याच दिवशी तयार झालं. पुढे दारू चढली, तिचा तेव्हाचा नवरा आणि स्टुडिओतली माणसं यांच्यात जुंपली, आणि अरेथा निघून गेली. उरलेला अल्बम न्यूयॉर्कमध्ये झाला, पण वेक्सलरने वादक मसल शोल्सचेच बोलावून घेतले. गंमत म्हणजे अरेथाच्या मागचा तो ऱ्हिदम सेक्शन (ठेका धरणारे वादक) सगळा गोरा, दक्षिणेतल्या छोट्या गावांतून आलेला.

हीच मंडळी १९६९ मध्ये रिक हॉलला सोडून बाहेर पडली आणि जवळच शेफील्डमध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ टाकला. तिथे स्टेपल सिंगर्सचा 'बी ॲल्टिट्यूड: रिस्पेक्ट युअरसेल्फ' (१९७२) झाला. त्यातलं 'आय'ल टेक यू देअर' ऐकून पॉल सायमनने चौकशी केली की हे कृष्णवर्णीय वादक मला मिळतील का. मिळतील, पण ते चांगलेच गोरे आहेत, असं त्याला सांगावं लागलं! त्यांच्याबरोबर त्याने 'देअर गोज राइमिन सायमन' (१९७३) चा बराच भाग केला. लोकगीतांच्या वळणाने जाणारा माणूस सोलच्या ठेक्यावर बसला की काय होतं ते ऐकायचं असेल तर माझी पहिली शिफारस हीच.

चिवडा_मिक्स:
सायमनच्या अल्बमला +१. त्यात 'लव्ह्ज मी लाइक अ रॉक'च्या मागे डिक्सी हमिंगबर्ड्स गातात, म्हणजे मुरलेला गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं गाणारा) गट. हेडफोन लावून ऐका, खालच्या पट्टीतला आवाज वेगळा काढता येतो.

डेट्रॉइटकर:
इकडे राहतो म्हणून मोटाउनबद्दल, म्हणजे बेरी गॉर्डीच्या इथल्या रेकॉर्ड कंपनीबद्दल, लिहिणं भाग आहे. भारतातून पाहुणे आले की त्यांना वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या घरात नेतो. घरच म्हणायला हवं. गॉर्डीने १९५९ मध्ये घेतलं तेव्हा तिथे फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. एवढ्याशा खोलीत जगभर गाजलेली गाणी झाली यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही, मग आम्ही सगळे इथल्या कोनी आयलंड नावाच्या खानावळीत हॉटडॉग खायला जातो.

अल्बम म्हणाल तर मार्व्हिन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१). शीर्षकगीत गाजलेलं असल्यामुळे अल्बम ऐकलाच आहे असं वाटण्याची शक्यता जास्त, म्हणून मुद्दाम सांगतोय. गाणी एकमेकांत मिसळत जातात, मध्ये थांबणं नाही, सगळं मिळून पस्तीस मिनिटांच्या आसपास. मार्व्हिनचा भाऊ व्हिएतनाममधून परतला होता, त्याने सांगितलेलं यात उतरलंय. गॉर्डीला शीर्षकगीत आवडलं नव्हतं, काढायचीच त्याची तयारी नव्हती. गाणं विकलं गेलं आणि मग लगोलग अल्बम हवा झाला.

तो दुहेरी आवाज योगायोगाने सापडलाय. मार्व्हिनने मुख्य गायन दोन वेळा केलं होतं, त्यातलं एक निवडायचं होतं, आणि इंजिनियरकडून दोन्ही एकदम वाजली. ते ऐकून त्याने तसंच ठेवलं, पुढे ती त्याची पद्धतच झाली. बेसवर जेम्स जेमर्सन. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत या वादकांनी वाजवलं, पण अल्बमच्या वेष्टनावर त्यांची नावं पहिल्यांदा छापली गेली ती या वेळी. इतकी वर्षं ती का नव्हती, हा प्रश्न पाहुणेसुद्धा विचारतात.

कळकळीची विनंती: फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. जेमर्सन त्यातून ऐकूच येत नाही आणि मग निम्मा अल्बम गेला.

टाळकरी:
डेट्रॉइटकर, तुमच्याच गावचं एक नाव राहिलं. अरेथाचे वडील सी. एल. फ्रँकलिन तिथल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. सोलमधलं सगळंच चर्चमधून बाहेर आलंय, त्यामुळे एकदा आत जाऊन ऐकावं या मताचा मी. अरेथाचा 'अमेझिंग ग्रेस' (१९७२). लॉस एंजेलिसमधल्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये जानेवारीत दोन रात्री प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रण झालं, पियानोवर आणि सूत्रधार म्हणून जेम्स क्लीव्हलंड. चित्रीकरणही झालं, पण दिग्दर्शक सिडनी पोलॅकच्या चमूने क्लॅपबोर्ड (प्रत्येक दृश्याआधी वाजवायची पाटी) वापरले नव्हते, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळवता येईना. तो चित्रपट लोकांसमोर आला तो थेट २०१८ मध्ये, अरेथा गेल्यावर.

ती एक ओळ टाकते, मागचा वृंद ती झेलतो, समोरची मंडळी हुंकार देतात आणि त्या हुंकारावर ती पुढची ओळ बदलते. आमच्या भजनात बुवा आणि टाळकऱ्यांचं हेच चालतं. लहानपणी मी मागेच बसायचो, म्हणून कदाचित मला हा अल्बम सगळ्यांत जवळचा.

शंकासुर:
मध्यलयराव, तुमचा स्टुडिओचा सिद्धांत ऐकायला छान आहे. पण 'मुरलेलं' या गोड शब्दाखाली बरंच काही लपतं. कृष्णवर्णीयांनी चर्चमध्ये आणि शेतात घडवलेलं संगीत गोऱ्यांनी उचललं आणि पैसे केले, हा इतिहास कुठे गेला? आता इथे कुणीतरी डस्टी स्प्रिंगफील्ड, बोवी आणि एमी वाइनहाउस सुचवणार. पैज लावतो. (दिवे घ्या.)

लोणावळी_चिक्की:
शंकासुर, पैज जिंकलात, मी डस्टीच सुचवणार होते. :)

'डस्टी इन मेम्फिस' (१९६९). लंडनहून ही बाई मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत गेली, आणि ज्या आवाजांवर आपण जीव टाकला ते इथे गाऊन गेलेत या दडपणाने तिच्या तोंडून सूर फुटेना. वादकांनी साज तयार करून ठेवला, तिने शेवटी न्यूयॉर्कमध्ये जाऊन गायलं. मागे गायला स्वीट इन्स्पिरेशन्स हा गट. तुम्ही ज्याला उचलेगिरी म्हणता तिला दडपण येत नाही. ही अरेथासारखं गायला बघतच नाही, अगदी दबक्या आवाजात कानाशी बोलल्यासारखं गाते. 'सन ऑफ अ प्रीचर मॅन' आधी अरेथाकडे गेलं होतं, तिने तेव्हा सोडलं आणि नंतर स्वतः गायलं. दोन्ही लागोपाठ ऐका. अरेथाचं ऐकताना ती त्या मुलाला पुरून उरणार असं वाटतं. डस्टी मात्र विरघळलेली आहे. अल्बम तेव्हा फारसा खपला नाही, त्यामुळे 'पैसे केले' हेही इथे लागू नाही.

मेम्फिसमधलाच दुसरा स्टुडिओ स्टॅक्स. जुन्या चित्रपटगृहात होता, त्यामुळे जमीन उतरती. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली, आता त्याच जागी संग्रहालय उभं केलंय. आत शिरल्या शिरल्या मिसिसिपीतून आणलेलं जुनं लाकडी चर्च लागतं. टाळकरी, तुमचं म्हणणं त्यांनाही पटलेलं दिसतं.

तिथला 'ओटिस ब्लू' (१९६५) घ्याच. जवळपास सगळा अल्बम चोवीस तासांच्या आत झाला, आणि तोही मध्ये रात्री थांबून, कारण वादकांना क्लबमध्ये वाजवायला जायचं होतं. सॅम कुक डिसेंबर १९६४ मध्ये गेला होता, म्हणून त्याची तीन गाणी त्यात आहेत. तुमचं 'रिस्पेक्ट' मूळ रूपात इथेच सापडेल: यात घरी परतलेला नवरा मान मागतो. अरेथाने ते बाईच्या तोंडी घातलं आणि अक्षरं सुटी करून म्हणायचा भाग स्वतः जोडला. शिवाय रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन'! ते गाणं अमेरिकेत येऊन जेमतेम महिना झाला होता. गिटारची जागा ब्रासने घेतलीय. म्हणजे उचलणं दोन्ही दिशांना चालायचं.

शंकासुर:
दोन्ही दिशांना चालायचं, पण चेक एकाच दिशेला जायचे, एवढंच माझं म्हणणं.

मध्यलय:
चेकचा मुद्दा बिनतोड आहे. आणि कागद न वाचता सही केली की गोराही बुडतो. स्टॅक्सचा मालक जिम स्टुअर्ट आधी बँकेत नोकरी करायचा, तरी अटलांटिकबरोबरचा करार त्याने नीट वाचला नाही. १९६८ मध्ये कळलं की आजवरच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क अटलांटिककडे आहेत. ओटिस डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात गेला होता. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तीही मेम्फिसमध्येच. कंपनीकडे ना गायक, ना जुनी गाणी.

अल बेल तेव्हा कारभार बघत होता. त्याने ठरवलं की एकदम सत्तावीस अल्बम काढायचे, म्हणजे नवी शिदोरी तयार होईल. एवढ्या धबडग्यात एखादा चालला नाही तरी कुणाला पत्ता लागणार नव्हता. म्हणून आयझॅक हेजने सांगितलं, मी माझ्या मनाप्रमाणे करणार. त्याचा 'हॉट बटर्ड सोल' (१९६९) हा असा आलाय. गाणी फक्त चार. डिऑन वॉरिकने तीन मिनिटांच्या आत संपवलेलं 'वॉक ऑन बाय' इथे बारा मिनिटं चालतं. 'बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स' तर अठरा मिनिटांच्या वर, आणि त्यातली कितीतरी मिनिटं तो नुसता बोलतोय. ऑर्गनचा एक सूर धरून ठेवलेला, ड्रमर झांज मोजतोय, आणि हा गोष्ट सांगतोय. त्या सत्तावीसांत सगळ्यांत जास्त गाजला तो हाच.

गाणं गाठायची घाई असणाऱ्यांनी वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी रात्री लावावा. यानंतर लगेच मायकल किवानुकाचा 'लव्ह अँड हेट' (२०१६) लावा. लंडनचा मुलगा, आईवडील युगांडातले. पहिलंच गाणं दहा मिनिटांचं आणि त्याचा आवाज बऱ्याच वेळाने येतो. हेजचं ऋण उघड दिसतं.

गावठी_हापूस:
लय भारी धागा. बिल विदर्सचं कुणी बोललं नाही म्हणून: 'जस्ट ॲज आय ॲम' (१९७१). वेष्टनावर हातात जेवणाचा डबा घेतलेला माणूस आहे ना, तो खरोखर जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलाय. विमानांचे संडास बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता, तिशी उलटलेली, आणि गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही म्हणून नोकरी सोडली नव्हती. मध्यलय, तुमच्या सिद्धांताला पुरावा: निर्मिती स्टॅक्सच्या बुकर टी.ची, ड्रम आणि बेसवरही स्टॅक्सचेच अल जॅक्सन आणि डक डन. 'एन्ट नो सनशाइन'मध्ये तो दोनच शब्द घोकत राहतो तिथे कडवं लिहायचं राहिलं होतं. तो लिहिणार होता, वादकांनीच सांगितलं, असंच राहू दे.

पण विदर्सचा एकच घ्यायचा तर मी 'लाइव्ह ॲट कार्नेगी हॉल' (१९७३) घेईन. गाण्याआधी तो जे बोलतो त्यासाठी. आजीबद्दल बोलतो तेव्हा हसू येतं, आणि व्हिएतनाममध्ये हात गमावलेल्या पोराबद्दल बोलतो तेव्हा सभागृह चिडीचूप.

सायली_न्यूजर्सी:
नोरा जोन्स चालेल का इथे? का हाकलून देणार?

लोणावळी_चिक्की:
चालेल काय, नातं लागतं! 'कम अवे विथ मी' (२००२) चा निर्माता आरिफ मार्डिन, आणि 'डस्टी इन मेम्फिस'च्या तीन निर्मात्यांपैकी एक तोच. दबक्या आवाजाला जागा कशी ठेवायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रविशंकरांची मुलगी म्हणून आपल्याकडे जी चर्चा झाली तिच्यात हे राहूनच गेलं.

आर्या_८८:
शंकासुरांच्या यादीतली एमी राहिली. 'बॅक टू ब्लॅक' (२००६) मला मनापासून आवडतो, तरी त्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे असं मला वाटतं. त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त गाण्यांना साथ आहे ती ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या बँडची. ही गायिका शॅरन जोन्सची मंडळी. शॅरनने रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी केलेली, चिलखती गाडीवर रक्षक म्हणून केलेली. चाळिशीत पहिला अल्बम. ज्या आवाजावर एमीला ग्रॅमी मिळाली तो आवाज हे लोक आधीपासून शॅरनच्या मागे वाजवत होते. म्हणून माझी शिफारस '१०० डेज, १०० नाइट्स' (२००७), आणि त्यानंतर 'बॅक टू ब्लॅक'. या क्रमाने ऐकलं की एमीचं स्वतःचं काय आहे तेही स्वच्छ कळतं. तिचे शब्द. तसं उघडंवाघडं आणि खवचट लिहिणं जुन्या सोलमध्ये नव्हतं.

बोवीचा 'यंग अमेरिकन्स' (१९७५) ठीकठाक. त्याने स्वतःच त्याला प्लास्टिक सोल म्हटलं होतं, मी वेगळं काय बोलू? मागे गाणाऱ्यांत तरुण ल्यूथर व्हँड्रॉस आहे, त्याच्यासाठी एकदा ऐका.

गोंयकार:
आमच्या लोर्नाचें नांव घेतलें तर चलता? लोर्ना कोर्देरो, ख्रिस पेरीचा बँड, 'बेबदो', 'पिसो'. कोकणी गाणी, ब्रास जॅझचं.

मध्यलय:
चलता म्हणजे काय, धांवता! सोल म्हणता येणार नाही कदाचित, पण आवाज मात्र तोच, पोटातून येणारा. मुंबईचं नाव निघालंच आहे तर आशा पुथली. मुंबईत वाढली, हिंदुस्थानी संगीत शिकली, अमेरिकेला गेली आणि जॅझवाला ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन'वर दोन गाणी गायली. तेवढ्यावर थांबली असती तरी नाव राहिलं असतं. 'द डेव्हिल इज लूज' (१९७६) मध्ये सोल आणि डिस्कोच्या सीमेवर उभी आहे. त्यातल्या 'स्पेस टॉक'चा तुकडा पुढे रॅपर नोटोरियस बी.आय.जी.च्या गाण्यात वापरला गेला. आवाज हलका, हवेत सोडलेला, अरेथाच्या नेमका उलट. आपल्याकडे तिची आठवण फार कमी निघते.

तिरपागडे:
उशीर झाला, पण रुमालाची लाज राखतो. अमेरिकेच्या बाहेर या जरा.

ब्राझीलचा टिम माया. १९५९ मध्ये पोरवयात न्यूयॉर्ककडे गेला, तिथे सोल कानात भरून घेतलं, गांजाच्या प्रकरणात पकडला गेला आणि हाकलला गेला. परत येऊन पोर्तुगीजमध्ये सोल गायला लागला. १९७०चा पहिला अल्बम उत्तम आहेच, पण खरी गंमत 'रासिओनाल' (१९७५). मधल्या काळात तो एका पंथाच्या नादी लागला, दारू-गांजा सोडला, पांढरे कपडे घातले आणि सगळी गाणी त्या पंथाच्या प्रचाराची केली. कंपनीने घेतली नाहीत, मग स्वतःच काढली. पुढे पंथावरून मन उडालं आणि त्याने ते अल्बम नाकारले. शब्द कळत नाहीत हे आपलं नशीब, कारण व्यसन सुटल्यामुळे आवाज असा लागलाय की विचारू नका.

दुसरा मुक्काम इथिओपिया. 'एथिओपीक' मालिकेतला अलेमायेहू एशेते ऐका. अस्मारात अमेरिकन तळ होता, त्याच्या रेडिओवरून सोल तिकडे पोचलं. हा पोलिसांच्या वाद्यवृंदात गायचा, केशरचना एल्व्हिसची आणि ओरडणं जेम्स ब्राउनचं. पण सुरावट तिथल्याच पाच स्वरांची, त्यामुळे ओळखीचं वाटता वाटता निसटतं. १९७४च्या क्रांतीनंतर संचारबंदी आली आणि राजधानी आदिस अबाबातली रात्रीची गाणी थांबली. जे उरलंय ते या तबकड्यांवर.

फुलपात्र:
बाप रे. महिनाभराची सोय झाली. 'हॉट बटर्ड सोल' काल लावला, घरच्यांनी दोनदा येऊन विचारलं की गाणं कधी सुरू होणार. मला फार आवडला. टिम माया आत्ता चालू आहे. नव्यातलं अजून काही? आणि डी'अँजेलोचा 'व्हूडू' (२०००) मी दोनदा अर्ध्यात सोडलाय. सगळे डोक्यावर घेतात, मला ड्रमर झोपेत वाजवतोय असं वाटतं.

मध्यलय:
मुद्दामच वाजवतोय तसं! ड्रमर क्वेस्टलव्ह घड्याळासारखा अचूक वाजवणारा, त्याला डी'अँजेलोने सांगितलं की ठोका मागे खेच. जे डिलाच्या हिपहॉपमधले लंगडते ठेके त्यांच्या कानात होते. बेसवर पिनो पॅलॅडिनो, तो तर त्याच्याही मागे रेंगाळतो. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत ही मंडळी वर्षानुवर्षं बसायची, जुने अल्बम वाजवून बघायची, त्यातूनच नवं गाणं निघायचं. म्हणजे पुन्हा तेच: ठरलेली माणसं, ठरलेली खोली. डी'अँजेलोही धर्मोपदेशकाचाच मुलगा, व्हर्जिनियातला. २०२५ मध्ये गेला.

तुम्ही पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. 'स्पॅनिश जॉइंट'ने सुरुवात करा, त्यात लय जरा सरळ चालते. मग 'अनटायटल्ड'. त्यानंतर पायाने ताल धरून सुरुवातीपासून ऐका आणि स्नेअर (ड्रमचा कडक वाजणारा ठोका) तुमच्या पायाच्या किती मागे पडतोय ते बघा.

शंकासुर:
मी तीनदा सोडलाय. पाय माझाही बरोबर पडतो, अल्बमच कंटाळवाणा आहे. त्यापेक्षा त्याचा 'ब्लॅक मसाया' (२०१४) ऐका, गाणी तरी आहेत त्यात.

मध्यलय:
शंकासुर, यावर नवा धागा काढा. इथे रक्तपात नको.